भीतीची हजेरी

"बोला, आज कशाची भीती वाटतेय?"

निकम मॅडमची हजेरी या प्रश्नाने सुरू व्हायची. नाव पुकारायचं आणि समोरच्याने 'हजर' म्हणायचं, ही पद्धत त्यांना पटत नसे. "हजर आहेस ते मला दिसतंय," त्या म्हणायच्या. सकाळी पंपघरासमोरच्या कडुनिंबाखाली आम्ही सगळे उभे राहायचो आणि प्रत्येकाने आपली त्या दिवसाची भीती सांगायची. कुणी सांगे, जाळीजवळची फरशी शेवाळली आहे, पाय सटकेल. कुणी सांगे, मोटरच्या वायरीवरची पट्टी सुटली आहे, ओल लागली तर झटका बसेल. ते ऐकून मॅडम कामं वाटायच्या. आणि जो 'कशाचीच नाही' म्हणेल, त्याला त्या दिवशी शिडी, टाकी, विहीर, मोटर, कशाच्याच जवळ जाऊ दिलं जात नसे. त्याने ऑफिसातल्या लाकडी खुर्चीत बसायचं आणि माझ्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायच्या.

मी तिथे केमिस्ट होतो. नाशिकहून निफाडच्या बाजूला जाताना आडवाटेला आमचं छोटं नगरपालिकेचं गाव लागतं. गावाच्या खालच्या अंगाला, नदीला लागून हा सांडपाण्याचा प्रकल्प उभा राहिला तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. गावात त्याला 'गटारीचा कारखाना' म्हणत. तिथे नोकरीला आहे हे मी सोयरीक जुळवताना सांगितलं नव्हतं. 'पाणी खात्यात आहे' एवढंच सांगितलं होतं. लग्नानंतर बायकोला खरं कळलं तेव्हा ती हसली, पण मला अजून त्याची लाज वाटते. मी असाच आहे. लहानसहान गोष्टींचंही ओझं माझ्या मनावरून उतरत नाही.

शैलजा निकम या प्रकल्पाच्या प्रमुख. मूळच्या सटाण्याकडच्या. ठेंगण्या, सुती साडी, पायांत पुरुषी बूट, डोक्यावर रुमाल. एरवी स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायच्या; पण खरोखर घाबरल्या की तोंडातून अहिराणी निघायची. "माले भ्याव लागस," असं त्या पुटपुटल्या की आम्ही हातातलं काम ठेवून त्यांच्याकडे बघायचो. प्रमुख माणसाने भीती लपवायची असते, असं मला वाटे. मॅडमना ते कधी जमलं नाही, किंवा त्यांनी जमवलं नाही.

रफिक म्हणून मालेगावचा फिटर आमच्याकडे होता. हात सोन्यासारखा आणि जीभ त्याहून चलाख. पहिल्याच आठवड्यात हजेरीला तो म्हणाला, "मॅडम, मला फक्त तुमची भीती वाटते."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "ती पुरणार नाही रफिक. विहिरीत मी नसते."

"मग लिहा, कशाचीच नाही."

"लिहायचं काही नाही. जा, देवरेंच्या बाटल्या धू."

त्याच दिवशी दुपारी विहिरीतला पंप अडकला. विहीर म्हणजे प्रकल्पात येणारं सगळं सांडपाणी जिथे आधी साठतं तो खोल हौद. पंपात चिंध्या गुरफटल्या होत्या आणि पाणी वर चढत होतं. रफिक बाटल्या टाकून धावत आला. "दोन मिनिटांचं काम आहे मॅडम, उतरतो, कापतो, वर येतो."

मॅडमनी त्याच्या शर्टाची बाही धरली आणि माझ्याकडे पाहिलं. मी प्रयोगशाळेतून शिशाच्या क्षारात भिजवून वाळवलेल्या कागदाची पट्टी आणली. विषारी वायू असेल तर तो पांढरा कागद काळा पडतो. सुतळीला बांधून मी ती विहिरीत सोडली. वर ओढली तेव्हा ती तव्याच्या बुडासारखी काळीकुट्ट झाली होती. रफिकने ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विहिरीच्या कठड्यापासून मागे सरत सरत कडुनिंबाच्या बुंध्याला टेकला. पंप मग साखळीने वर ओढून काढला. त्यात संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी हजेरीला रफिक म्हणाला, "मॅडम, आज मला विहिरीची भीती वाटतेय. उद्या पण वाटेल."

"शाबास," मॅडम म्हणाल्या. "आता तू कामाचा झालास."

ही हजेरी कुठून आली ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आधीच्या नोकरीत त्यांच्या डोळ्यांसमोर एक माणूस अशाच विहिरीत उतरला आणि शिडीवरून गळून पडला. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला, तोही वर आला नाही. मॅडम वर उभ्या होत्या, दोर हातात होता. "त्या दिवशी सकाळी ते दोघं गाणं म्हणत कामावर आले होते देवरे," त्या म्हणाल्या. "कुणालाच कसली भीती नव्हती. मलासुद्धा."

प्रकल्पाचं काम त्या पाहुण्यांना विरजणाच्या भाषेत समजावायच्या. गावाचं मैलापाणी आधी जाळीतून गाळायचं, वाळू बसू द्यायची, मग ते मोठ्या टाकीत घ्यायचं. त्या टाकीत डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव असतात. ते घाण खातात, वाढतात, आणि त्यांचा तपकिरी गाळ पुढच्या टाकीत तळाशी बसतो. वरचं नितळ पाणी नदीत सोडायचं. थोडा गाळ पुन्हा मागच्या टाकीत घालायचा, कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लावतात तसं. "आपण पाणी साफ करत नाही," मॅडम सांगायच्या, "साफ करतात ती ही जित्राबं. आपण फक्त त्यांना श्वास पुरवतो."

तो श्वास म्हणजे ब्लोअर. टाकीच्या तळातून हवा सोडणारी ती यंत्रं दिवसरात्र घुमत असायची. आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय होती की तो ऐकू येईनासा झाला होता. ऐकू यायची ती शांतता. भारनियमनाच्या वर्षांत वीज जायची, डिझेल वेळेवर मिळायचं नाही आणि जनरेटर सुरू होईपर्यंत सगळा परिसर गप्प व्हायचा. मॅडम बसल्या जागी ताठ व्हायच्या. "गुदमरताहेत," म्हणायच्या. एवढंच. पण ते अशा आवाजात, की माझाही श्वास अडकायचा.

संध्याकाळी घरी निघण्याआधी त्या नदीत जाणाऱ्या पाण्याची एक बाटली भरायच्या, पदराने पुसायच्या, मावळतीच्या उजेडाकडे धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "आज काही झालं नाही." मला वाटायचं, हे काय बोलणं? दिवसभर राबून 'काही झालं नाही'? ते मला फार उशिरा कळलं.

आमच्या प्रकल्पाचं पाणी ज्या नदीत जायचं, त्या नदीवर थोडं खाली माझ्या थोरल्या बहिणीचं सासर. ताईचा झेंडूचा मळा होता. फुलं आणि भाजी पंचवटीच्या बाजारात जायची. गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर नदीच्या अगदी कडेला. नदीचं पाणी झिरपूनच ती भरायची. आणि नदीकाठी देवीचं ठाणं. तिच्या जत्रेला पंचक्रोशी लोटायची, नदीत अंघोळी व्हायच्या. वर्षभरात ताईच्या हातात बरे पैसे यायचे ते त्या जत्रेच्या हारांचे.

त्या वर्षी जत्रेला कुणी मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांची गाडी आमच्या गावातून जाणार होती. नगराध्यक्षांनी गाव धुऊन काढायचं ठरवलं. गटारींत पोत्यांनी ब्लीचिंग पावडर ओतली, पिंपांनी फिनेल ओतलं आणि वरून टँकरने पाणी मारलं. गाव दवाखान्यासारखं वास मारू लागलं. लोक खूश. मीही बाजारातून येताना नाकाला रुमाल लावून म्हणालो होतो, "चला, एकदाचं स्वच्छ झालं."

रसायनं शिकलेला माणूस मी. ती गटारं कुठे जातात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवर पांढरा फेस बघेपर्यंत माझ्या डोक्यात ते आलं नाही.

चहाच्या रंगाची टाकी राखेसारखी फिकी पडली होती. मी नळकांड्यात पाणी भरून ठेवलं. रोज ज्यात गाळ सरसर खाली बसायचा, त्यात सगळं गढूळच राहिलं. थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. रोज तिथे नुसती धावपळ असायची, घंटेच्या आकाराचे देठावरचे जीव उघडमीट करत असायचे. त्या दिवशी काहीच हलत नव्हतं. मी काच बदलली, दुसरा थेंब घेतला. काहीच हलत नव्हतं. बाहेर ब्लोअर मजेत घुमत होते, मेलेल्यांना वारा घालत.

मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग हलकेच म्हणाल्या, "हाई काय व्हयनं?"

त्या सकाळी हजेरीला त्यांनी आम्हाला विचारलं नाही. स्वतःचीच सांगितली. "मला आज नदीची भीती वाटतेय. गावाची घाण जशी येते तशी खाली चाललीय आणि मला ती थांबवता येत नाही. दोन दिवसांवर जत्रा आहे."

नगराध्यक्षांचा फोन आला तेव्हा मी समोरच होतो. त्यांचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "मॅडम, जत्रेच्या तोंडावर घबराट पसरवू नका!"

"साहेब, मी घाबरलेली आहे," मॅडम म्हणाल्या. "ती पसरणारच." आणि फोन ठेवून मला म्हणाल्या, "देवरे, तुमची स्कूटर काढा."

ताईच्या गावी जायचंय, हे मला कळलं. मला भीती दोन्हीकडून होती. नगराध्यक्षांची होतीच. पण त्याहून ताईची होती. तिच्या अंगणात त्या वेळी फुलांचे ढीग पडलेले असणार, हे मला माहीत होतं.

ढीग होतेच. देवळाच्या पारावर ताई आणि शेजारच्या बाया दोऱ्यात झेंडू ओवत बसल्या होत्या. ताईची धाकटी मंजू फुलांत लोळत होती. मला पाहून ताई हसली. "रमेश, आज जत्रेआधीच? आन् या कोण?"

मॅडम बायांमध्येच पारावर बसल्या. घाबरलेला माणूस बोलतो तसं, मध्येच थांबत, त्यांनी सगळं सांगितलं. पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, जत्रेत कुणाला नदीत उतरू देऊ नका.

एक म्हातारा हसला. "बाई, पावडर पडली म्हंता ना? मंग तं बरंच झालं की! औषिदच पडलं पान्यात. किडे मेले."

"बाबा, ते किडे तुमचे राखणदार होते," मॅडम म्हणाल्या. "पावडर घाणीत जिरून संपली. घाण नाही संपली. तिला खाणारे मेले आणि ती तुमच्याकडे निघाली."

मग मॅडमनी आमच्या कडुनिंबाखाली विचारायच्या त्याच सुरात विचारलं, "तुम्हाला कशाची भीती वाटते? खरी सांगा."

ताईने सुई फुलात खुपसली. "आमाला भीती एकच हाय मॅडम. नदीचं पानी वाईट हाय अशी बोंब झाली तं जत्रेला मानूस येनार नाय. मंग ही फुलं कुठं टाकू? पंचवटीत तरी कोन घेईल, या गावची म्हनून?"

"ही खरी भीती आहे," मॅडम म्हणाल्या. "हिला माझ्याकडे उत्तर नाही."

ताई माझ्याकडे वळली. "रमेश, तू तं शिकेल हाय. तूच सांग. पानी चांगलं हाय का नाय?"

मी सकाळी त्या काचेत पाहिलं होतं. तरी मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो. नगराध्यक्षांपुढे मॅडम बोलल्या, परक्या गावात बोलल्या. मला सख्ख्या बहिणीपुढे 'नाही' म्हणता आलं नाही. 'नाही' म्हटलं की तिचं वर्ष बुडणार, आणि 'आहे' म्हटलं तर मंजू समोरच होती.

ताईने माझ्या उत्तराची फार वेळ वाट पाहिली नाही. ती मॅडमच्या हातांकडे बघत होती. ते मांडीवर ठेवूनही थरथरत होते. ताई उठली, पारालगतच्या तिच्या घरात गेली, सकाळी भरलेला हंडा कमरेवर घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेर उपडा केला. पाणी झेंडूच्या पाकळ्या घेऊन वाहत गेलं.

"खोटं बोलनाऱ्याचे हात असे कापत नाय," ती बायांना म्हणाली. "चुली पेटवा."

दुपारी देवळाच्या भोंग्यावरून सूचना झाली. बातमी आसपासच्या गावांत गेली. जत्रा झाली, पण निम्मीसुद्धा नाही. नदीकाठी पोरांनी काठ्या धरून पहारा दिला. ताईची फुलं अंगणात काळी पडली आणि पुढे उकिरड्यावर गेली.

इकडे आमचा प्रकल्प पुन्हा जिवंत करायचा होता. मॅडम नाशिकला जाऊन तिथल्या एका प्रकल्पातून गाळाचा टँकर मागून घेऊन आल्या. टँकरच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आल्या, वरातीत करवली बसावी तशा. "विरजण आणलंय," उतरता उतरता म्हणाल्या. आम्ही शेण कालवलं, गूळ विरघळवला, टाकीत सोडला. रफिक म्हणाला, "मॅडम, डोहाळे लागलेत का टाकीला?" तेव्हा त्या किती दिवसांनी हसल्या. टाकीचा रंग हळूहळू परतला. एके सकाळी माझ्या काचेखाली एक इवलासा जीव देठावर डोलताना दिसला. मी ओरडलो. सगळे एकमेकांना ढकलत बघायला आले. मॅडमनी शेवटी पाहिलं आणि डोळे पुसून बाहेर निघून गेल्या.

ताईच्या गावात त्या जत्रेत कुणालाही जुलाब झाले नाहीत. ओकारी नाही, ताप नाही. आणि हेच मॅडमच्या विरोधात गेलं. नगराध्यक्ष सभेत म्हणाले, "बघा, काही झालं का? उगाच जत्रा बुडवली, गावाची बदनामी केली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही झालं नाही, म्हणून भीती खोटी होती. लोकांनी पाणी उकळलं म्हणून काही झालं नाही, हे सांगायला त्या सभेत कुणी उठलं नाही. मी मागच्या रांगेत बसलो होतो.

पावसाळ्याआधी मॅडमची बदली झाली. शेवटच्या हजेरीला रफिक म्हणाला, "मॅडम, आज एकच भीती. उद्या कोण विचारणार?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. तेव्हापासून ती हजेरी मी घेतली, निवृत्तीला टेकेपर्यंत. आमच्या विहिरीत कुणी मेलं नाही. पण त्यांच्यासारखं विचारणं मला साधलं नाही. मी विचारायचो तेव्हा मला उत्तराचीच भीती वाटायची.

ताई त्या वर्षी भाऊबीजेला आली नाही. पुढच्या वर्षी आली. ओवाळताना म्हणाली, "त्या बाई कशा हायेत? त्यांना एकदा हार द्यायचा राहिला." मी मान खाली घातली. सगळ्यात जास्त जिचं गेलं, तिने मला एका शब्दाने दुखावलं नव्हतं. मला ते दुखावण्यापेक्षा जड गेलं.

मॅडम आजारी आहेत हे कळलं तेव्हा त्या निवृत्त होऊन नाशिकलाच, पंचवटीच्या बाजूला भाचीकडे राहत होत्या. दुखणं पोटातलं होतं आणि हाताबाहेर गेलेलं. मी ताईच्या मळ्यातला झेंडूचा हार घेऊन गेलो. त्या खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोक्यावर तोच रुमाल, पण खाली केस नव्हते. पंखा घरघरत होता. तो बंद करू देत नाहीत, असं भाची म्हणाली.

हार उशाशी ठेवला. ब्लोअर कसे आहेत, रफिकच्या मुलीचं लग्न झालं का, मंजू काय करते, सगळं त्यांनी विचारलं. मंजू नर्स होतेय म्हटल्यावर त्यांनी हारावरून हात फिरवला. माझ्याकडचं बोलणं संपलं. इतकी वर्षं जे सांगायचं होतं, पारावरचं आणि त्या सभेतलं, ते तेव्हाही सांगितलं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मॅडम, हजेरी घेऊ? बोला, आज कशाची भीती वाटतेय?"

त्यांनी खरोखर विचार केला. खिडकीबाहेर पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज कशाचीच नाही, देवरे."

त्या काळ्या पट्टीच्या वेळीसुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो. कसाबसा म्हणालो, "मग आज तुम्हाला शिडीवर सोडता येणार नाही. खुर्चीत बसून राहायचं."

त्या हसल्या. हात पुढे केला. "बाटल्या द्या मग धुवायला."

उशाशी औषधाची एक रिकामी बाटली होती. मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांचा हात अजिबात थरथरत नव्हता. त्यांनी बाटली पदराने पुसली, खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे धरून नीट पाहिली आणि मला परत दिली.

"आज काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "या आता तुम्ही."